हिंजवडीतील एका संकुलाचे पाळणाघर आणि हिरकणी कक्ष : वापरानंतरचा अभिप्राय

हिंजवडीतील ज्या संकुलात माझे कार्यालय आहे, तेथे तान्ह्या मुलांच्या आयांसाठी दोन सोयी आहेत. एक म्हणजे आमच्या कंपनीने तिसऱ्या मजल्यावर केलेला हिरकणी कक्ष आणि दुसरी म्हणजे संकुलातील काही कंपन्यांनी मिळून बाहेरच्या एका संस्थेकडे चालवायला दिलेले, शेजारच्या इमारतीतील तळमजल्यावरचे पाळणाघर. दोन्ही मी वापरले आहेत आणि पाळणाघर अजूनही वापरते. कंपनीचे आणि संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा सोयी आता अनेक ठिकाणी साधारण याच स्वरूपात मिळतात आणि त्या तपासताना नेमके काय पाहावे हे सांगितले तर इतरांना त्याचा अधिक उपयोग होईल.

सोय चांगली की वाईट हे ठरवण्याआधी मालकावर काय बंधनकारक आहे ते पाहायला हवे, कारण आपल्याकडे हक्काची गोष्टही कंपनीची मेहेरबानी म्हणून सांगितली जाते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला, तरी या बाबतीतले हक्क तेच राहिले आहेत. संहितेच्या कलम ६६ नुसार मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला, विश्रांतीच्या नेहमीच्या सुट्टीखेरीज, कामाच्या दिवसात दोन वेळा बाळाला पाजण्यासाठी सुट्टी मिळते. कलम ६७ नुसार पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा मिळते, मात्र या चार वेळांत विश्रांतीची सुट्टीही धरली जाते. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे तो दूर करते : ५० कर्मचारी म्हणजे ५० स्त्रिया नव्हेत. पुरुषही मोजले जातात, त्यामुळे ‘आमच्याकडे बायका थोड्याच आहेत’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

आता हे सगळे प्रत्यक्षात कसे उतरते ते पाहू. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढल्यामुळे माझे ते आठही आठवडे आधीच खर्ची पडले, आणि उरलेले अठरा संपले तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे होते. आमचे पाळणाघर सहा महिन्यांखालचे मूल घेत नाही. यात संस्थेचा दोष म्हणता येणार नाही, कारण केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये काढलेल्या किमान मार्गदर्शक सूचनांतही पाळणाघर सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठीच धरलेले आहे. म्हणजे ज्या काळात बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही देऊ नका असे डॉक्टर बजावतात, त्याच काळात बाळ वाकडला आजीजवळ आणि मी हिंजवडीत. पाजण्यासाठी दोन सुट्ट्या हातात होत्या, पण पाजायला बाळ जवळ नव्हते. अशा वेळी दूध काढून साठवणे आणि संध्याकाळी घरी नेणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी खोली लागते. खासगी कार्यालयाने अशी खोली द्यावी असे स्पष्ट बंधन घालणारे कलम मात्र या संहितेत नाही. तिने बाळ हाकेच्या अंतरावर असल्याचे गृहीत धरले आहे. त्यामुळे आमच्या कंपनीने कायद्याचा बडगा नसताना हिरकणी कक्ष केला, हे तिच्या जमेच्या बाजूला मोकळेपणाने मांडते.

कक्ष म्हणजे पूर्वीची स्टेशनरीची खोली आहे. खिडकी नाही, पण वातानुकूलन ठीक आहे. हात टेकता येतील अशा दोन खुर्च्या, मध्ये जाड पडदा, प्रत्येक खुर्चीशेजारी छोटे टेबल आणि त्याच्या उंचीवर विजेचा सॉकेट. ही उंची कोणी ठरवली ते माहीत नाही, पण त्या व्यक्तीने कधीतरी दूध काढण्याचा पंप वापरला असावा किंवा वापरणारीला विचारले असावे, कारण जमिनीलगत सॉकेट असले की वायर ताणली जाते आणि एका हाताने बाटली, दुसऱ्या हाताने प्लग सांभाळत बसावे लागते. दाराला आतून कडी आहे आणि बाहेर ‘आत कोणी आहे’ अशी सरकती पाटी आहे. पाटीपेक्षा कडी महत्त्वाची. कोणी अचानक दार ढकलेल अशी धास्ती मनात असेल तर पान्हा फुटत नाही, छाती दगडासारखी घट्ट होऊन बसते आणि पंप नुसताच घरघरत राहतो. पहिल्या काही दिवसांत खोलीची किल्ली सुरक्षा रक्षकाकडे असे आणि नोंदवहीत नाव, विभाग व ‘कारण’ लिहून ती घ्यावी लागे. हिरकणीच्या नावाने केलेल्या खोलीला कुलूप घालण्यातली गंमत व्यवस्थापनाच्या लक्षात कशी आली नाही कोण जाणे. आम्ही तिघींनी मिळून ईमेल लिहिल्यावर कुलूप गेले.

दोन गोष्टी अजून खटकतात. पहिली म्हणजे आत बेसिन नाही. पंपाचे भाग प्रत्येक वेळी धुवावे लागतात आणि त्यासाठी पॅसेज ओलांडून स्वच्छतागृहात जावे लागते. ज्या वस्तूंतून बाळाचे दूध जाणार त्या तेथे धुणे कोणालाही आवडणार नाही. मी घरूनच दोन जोड धुऊन-उकळून आणत असे. दुसरी गोष्ट फ्रिजची. कक्षात दुधासाठी स्वतंत्र छोटा फ्रिज आहे, ही मोठीच सोय, कारण पँट्रीतल्या फ्रिजमध्ये सहकाऱ्यांच्या डब्यांच्या आणि वाढदिवसाच्या केकच्या रांगेत दुधाची बाटली ठेवायला संकोच वाटतो. पण तो फ्रिज ज्या बोर्डावर होता, त्यावरची सगळी बटणे रात्री रक्षक दिव्यांबरोबर बंद करत असे. आदल्या संध्याकाळी गोठायला ठेवलेले बर्फाचे पॅक सकाळी मऊ पडलेले दिसत, त्यावरून हे ध्यानात आले. काढलेले दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, गोठलेल्या पॅकसह बंदिस्त थंड पिशवीत चोवीस तास राहते, हे मान्य वैद्यकीय प्रमाण आहे. पण त्यासाठी पॅक गोठलेला हवा आणि फ्रिज चालू हवा. शेवटी बटणावर ‘हे बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली गेली आणि काम भागले. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ लिहिण्याची शिस्त मात्र आम्ही आपसातच लावून घेतली आहे.

वेळेचा हिशेब हा या अभिप्रायाचा खरा गाभा आहे. पाजण्याच्या सुट्टीचा कालावधी कायद्याने नियमांवर सोडला आहे, आणि जुन्या कायद्याखाली खाणी व सर्कशींसाठी केलेल्या १९६३ च्या केंद्रीय नियमांत ती प्रत्येकी १५ मिनिटांची होती. कार्यालयांतही हाच आकडा तोंडपाठ सांगितला जातो. आता जागेवरून उठून तिसऱ्या मजल्यावर जाणे, हात धुणे, पंप जोडणे, निदान पंधरा-वीस मिनिटे दूध काढणे, बाटली बंद करून नाव घालणे, भाग पुसून पिशवीत ठेवणे आणि परत येणे, हे सगळे १५ मिनिटांत कसे बसवायचे ते सर्कशीतल्या कसरतपटूलाही जमणार नाही. आमच्याकडे साहेबांनी ‘लागेल तेवढा वेळ घ्या’ असे तोंडी सांगितले, आणि हजेरीच्या संगणकप्रणालीने तो वेळ कमी भरलेले तास म्हणून दाखवला. वेतनपत्रकात कपात झाली नाही, पण महिन्याच्या अहवालात नावापुढे लाल खूण आली. पाजण्याच्या सुट्टीमुळे वेतन कापता येत नाही, ही तरतूद १९६१ पासून आहे. ती दाखवून लेखी विचारणा केल्यावर एचआर विभागाने त्या सुट्टीसाठी वेगळा संकेतांक दिला. तोंडी सवलत आणि लेखी नोंद यांत किती अंतर असते ते तेव्हा समजले.

बाळ सहा महिन्यांचे झाले आणि पाळणाघर सुरू झाले, तेव्हापासून माझे दिवस बरेच सोपे झाले. मंत्रालयाच्या त्याच सूचनांनुसार पाळणाघर कामाच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत असावे. आमचे शेजारच्याच इमारतीत असल्याने चालत चार मिनिटांत पोचता येते. दाराबाहेर चपलांची रांग, आत फिनेलचा नव्हे तर मऊ भाताचा वास, आणि रांगत्या मुलांसाठी लाकडी कठडा घालून वेगळा केलेला कोपरा. तेथील ताईंविषयी दुमत होणार नाही. माझ्या बाळाला कुशीवर झोपवून पाठ थोपटली की ते दहा मिनिटांत झोपते, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखले. प्रत्येक मुलाची वही असते : किती वाजता दूध, किती वाजता नाचणीचे सत्त्व, कितीदा शी-शू, किती झोप. वही भरलेली असते, आणि भरलेली नसेल तर ताई तसे सांगतात, मागाहून आकडे टाकत नाहीत. आणलेले दूध वाटीत गरम पाण्यात ठेवून कोमट करतात, मायक्रोवेव्हमध्ये घालत नाहीत. हे मी न विचारता त्यांनीच सांगितले, तेव्हा निम्मी काळजी मिटली.

तक्रार आहे ती नियमावलीची. प्रवेशाच्या वेळी हातात ठेवलेल्या पत्रकात आयांनी सकाळी अकरा आणि दुपारी चार या दोनच वेळांना यावे, एरवी मुले रडतात, असे छापले होते. मुले रडतात हे खरे आहे. पण कायद्याने चार भेटी दिल्या असताना संस्थेच्या सोयीसाठी त्या दोन करता येत नाहीत, आणि भूक घड्याळ पाहून लागत नाही. संचालिकाबाईंशी बोलल्यावर त्यांनी पत्रक बदलले नाही, मात्र कोणाला अडवणेही बंद केले. आता बाळ भुकेने किरकिर करू लागले की ताई फोन करतात. शुल्काचा अर्धा भाग कंपनी भरते, अर्धा माझ्या पगारातून जातो. कलमात शुल्काचा उल्लेखच नसल्याने याविषयी ठाम बोलता येत नाही, पण कमी पगाराच्या सहकारी स्त्रियांना तो अर्धा भागही जड जातो हे दिसते.

त्याहून मोठी उणीव कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आहे. आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचे बाळ माझ्या बाळाहून लहान आहे. ती रोज सकाळी हिरकणी कक्ष पुसून लख्ख करते, खुर्च्या नीट लावते आणि दार ओढून घेते; ती खोली तिच्यासाठीही आहे असे तिला कोणी सांगितलेले नाही. १९६१ च्या कायद्याच्या व्याख्येतच ‘स्त्री’ म्हणजे थेट नेमलेली किंवा एखाद्या एजन्सीमार्फत नेमलेली, मजुरीवर काम करणारी स्त्री असे होते. म्हणजे कंत्राट मध्ये आल्याने पाजण्याची सुट्टी नाहीशी होत नाही. नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्रीला या लाभांची लेखी माहिती देणे हे २०१७ च्या दुरुस्तीने मालकाचे कर्तव्य ठरवले होते. मला ती मिळाली नव्हती, आणि तिला तर नेमणुकीचे पत्रच मिळालेले नाही. पाळणाघरातही सफाई किंवा उपाहारगृहातील कामगारांचे एकही मूल मला दिसलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्तनपान कक्षांविषयीच्या जनहित याचिकेवर निकाल देताना राज्यांना केंद्राच्या सूचना अमलात आणण्यास सांगितले, पण त्याचा रोख सार्वजनिक जागा आणि इमारतींवर होता. अमेरिकेत २०१० पासून संघराज्य कायदाच सांगतो की दूध काढण्यासाठी स्वच्छतागृह सोडून, बाहेरून न दिसणारी आणि कोणी आत येणार नाही अशी जागा मालकाने द्यावी. २०२२ च्या अखेरीस त्याची व्याप्तीही वाढली. खासगी नोकरीत पगारी प्रसूती रजा देणारा संघराज्य कायदा तिकडे नाही, त्यामुळे सरसकट तुलना नको. पण जागेविषयीचे ते एक वाक्य आपल्या नियमांत यायला हरकत नसावी.

गुण द्यायचेच तर पाळणाघराला पाचपैकी चार, हिरकणी कक्षाला तीन, आणि दोन्हींची माहिती देण्याच्या पद्धतीला एक. या किंवा अशा संकुलात रुजू होणाऱ्यांनी मुलाखत झाल्यावर, पण होकार कळवण्याआधी, चार प्रश्न ईमेलने विचारावेत : पाळणाघर कितव्या महिन्यापासून मूल घेते, कक्षाला आतून कडी आणि आत बेसिन आहे का, फ्रिज रात्री चालू राहतो का, आणि पाजण्याची सुट्टी हजेरीत कोणत्या नावाने नोंदली जाते. उत्तर ईमेलनेच मागावे. आमच्या बेसिनचा प्रस्ताव देखभाल विभागाकडे गेला आहे. नळाची वाहिनी पलीकडच्या भिंतीपर्यंत आधीच आहे, त्यामुळे काम अवघड नाही, असे प्लंबर स्वतः पाहून सांगून गेला आहे.