सही, सूचना की मत? ऑनलाइन लोकसहभागाचा मार्ग निवडताना

‘आपण ऑनलाइन मतदान घेऊ या’ असं उत्साहानं सुचवणाऱ्या बऱ्याच मंडळींना खरं तर मतदान नकोच असतं. कुणाला सूचना हव्या असतात, कुणाला तक्रारी एका जागी जमवायच्या असतात, काहींना तर आधीच ठरलेल्या गोष्टीवर लोकांचा शिक्का तेवढा हवा असतो. शब्द मात्र सगळ्यांचा एकच. तो ऐकून लोक जी आशा धरतात ती पुरी झाली नाही, की पुढच्या वेळी ते फिरकत नाहीत. म्हणून पालिका असो, कामगार संघटना असो, सहकारी संस्था असो की राजकीय पक्ष, ‘लोकांना ऑनलाइन सामील करून घ्या’ हे काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्यानं सॉफ्टवेअर बघण्याआधी शब्द तपासावेत.

माझी कसोटी साधी आहे. लोकांनी बटण दाबलं. आता कुणाला काय करणं भाग आहे?

आधी एक गल्लत

ई-शासन आणि ई-लोकशाही सर्रास एकाच अर्थानं वापरतात. घरबसल्या दाखला मिळणं, कर भरणं, परवान्याचा अर्ज करणं हे ई-शासन. तिथे तुम्ही सेवा घ्यायला आलेले असता. ई-लोकशाहीत तुम्ही निर्णयात वाटा मागता. रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो पाठवण्याची सोय (ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेलं ‘फिक्समायस्ट्रीट’ हा त्यातला जुना नमुना) या दोन्हींच्या सीमेवर बसते. खड्डा बुजवा म्हणणं वेगळं आणि रस्ता कुठून जावा हे ठरवणं वेगळं. तुम्हाला फक्त पहिलं हवं असेल तर चांगली तक्रार-यंत्रणा उभारा, त्याला लोकशाहीचं नाव देऊ नका. त्यात कमीपणा काही नाही.

संयुक्त राष्ट्रांचा ई-सहभाग निर्देशांक तीन पायऱ्या मानतो: माहिती देणं, सल्ला घेणं, निर्णयात सामील करणं. त्याहून बोचरी मांडणी शेरी अर्नस्टाईन यांनी इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, १९६९ साली केली होती. त्यांच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत ‘सल्लामसलत’ खालून चौथी येते, आणि तिची गणना त्यांनी दिखाऊ सहभागात केली आहे.

ई-याचिका की हरकती-सूचना?

वरवर पाहता दोन्हीकडे लोक काहीतरी लिहितात किंवा सही करतात. फरक आहे तो विषय कोण काढतं यात. याचिकेत विषय लोकांचा असतो. हरकती-सूचनांमध्ये विषय, मसुदा आणि मुदत तिन्ही सत्तेच्या हातात असतात. तुम्हाला न सुचलेले प्रश्न कळावेत असं वाटत असेल तर याचिका बरी. मसुदा तयार आहे आणि त्यातल्या चुका सापडायला हव्यात, तर हरकती-सूचना.

याचिकेत सगळी मदार असते सह्यांच्या आकड्यावर आणि तो गाठल्यावर काय होणार यावर. ब्रिटिश संसदेच्या याचिका-व्यवस्थेत १० हजार सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं आणि १ लाखाला चर्चेसाठी विचार होतो. २०१९ मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर ६० लाखांहून जास्त सह्या पडल्या. चर्चा झाली, सरकारनं नकार दिला, प्रकरण संपलं. नियमाप्रमाणे सगळं चोख झालं, तरी सही करणाऱ्याला फसवल्यासारखं वाटलं असेल, कारण ६० लाख या आकड्याला १ लाखाहून जास्त किंमत देणारा नियमच नव्हता.

याच्या शेजारी फिनलंड ठेवून पाहा. तिथे २०१२ पासून सहा महिन्यांत ५० हजार सह्या जमल्या की संसदेला तो विषय हाताळावाच लागतो. सही करताना बँकेच्या ओळख-प्रणालीनं किंवा तशाच पक्क्या मार्गानं ओळख पटवता येते, त्यामुळे एका माणसाच्या दहा सह्या होत नाहीत. समलिंगी विवाहाचा कायदा याच वाटेनं आला: संसदेनं २०१४ मध्ये मंजुरी दिली, २०१७ मध्ये तो लागू झाला. सह्या ब्रिटनपेक्षा कितीतरी कमी, पण दार उघडलं. युरोपीय संघाच्या नागरिक-पुढाकाराला किमान सात देशांतून १० लाख सह्या लागतात, आणि एवढं करूनही संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगावर बंधन उत्तर देण्याचं आहे, कायदा मांडण्याचं नाही. इतक्या मेहनतीला हे फळ मला तरी अपुरं वाटतं.

हरकती-सूचनांचं दुखणं निराळं. तिथे आकडा मोजायचा नसतो, मजकूर वाचायचा असतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं २०१७ मध्ये इंटरनेट-तटस्थतेचे (सेवा कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक द्यावी असे) नियम मागे घेताना लोकांची मतं मागवली, तेव्हा २.२ कोटींच्या वर प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयानं २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात त्यांतल्या जवळपास १.८ कोटी बनावट निघाल्या. एकट्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यानं सॉफ्टवेअर चालवून त्यांतल्या ७० लाखांहून जास्त पाठवल्या होत्या. अशा ढिगाऱ्यातून खऱ्या माणसाची खरी हरकत कोण शोधणार? म्हणून हा मार्ग घ्यायचा तर दोन गोष्टी आधी पक्क्या करा: सूचना कोण वाचणार, आणि कुठली सूचना घेतली, कुठली का नाही घेतली, हे कुठल्या तारखेला जाहीर होणार. चाळीस पानांचा मसुदा टाकून चार दिवसांत ई-मेल करा म्हणणं, याला सूचना मागवणं म्हणत नाहीत.

सूचना की विचारविनिमय?

हा फरक बहुतेक जण लक्षातच घेत नाहीत, आणि मला सगळ्यात रस इथेच आहे. सूचनांमध्ये प्रत्येक जण वरच्याशी बोलतो. विचारविनिमयात लोक एकमेकांशी बोलतात आणि त्या नादात मत बदलू शकतात. अडचण अशी की चारशे माणसांना ऑनलाइन एकमेकांशी बोलायला सोडलं तर काय होतं ते आपण रोज पाहतो.

तैवानमध्ये यावर एक चतुर तोडगा वापरला गेला. २०१४ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर तिथल्या तंत्रज्ञ स्वयंसेवकांनी ‘व्ही-तैवान’ हा उपक्रम उभा केला आणि २०१५ मध्ये उबरच्या वादावर ‘पोलिस’ नावाचं मुक्त, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता-बदलता येणारं, सॉफ्टवेअर लावलं. (नाव तेच असलं तरी खाकी वर्दीशी संबंध नाही.) स्क्रीनवर एका वेळी एकच विधान येतं, समजा, ‘भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक गाडीला प्रवाशांचा विमा हवाच.’ खाली तीनच पर्याय: सहमत, असहमत, पुढे जा. उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही. तुम्हाला त्या विधानाचा संताप आला असेल तर एकच करता येतं, स्वतःचं वेगळं विधान लिहिता येतं, आणि मग त्यावरही लोक सहमत-असहमत दाबतात. सारखी मतं देणाऱ्यांचे गट सॉफ्टवेअर पाडतं आणि तुम्ही कुठल्या गटात आहात ते नकाशावर दाखवतं. वर चढतं ते विधान कुठलं? जे एकमेकांविरुद्धच्या गटांनाही पटतं. म्हणजे भांडकुदळ माणसाला खाद्यच मिळत नाही, आणि हुशार माणूस समोरच्या गटालाही पटेल असं वाक्य जुळवायला लागतो. टॅक्सीवाले आणि उबरवाले दोन टोकांना असूनही विमा आणि सुरक्षिततेसारख्या मुद्द्यांवर एकत्र आले आणि पुढच्या नियमांत त्याचं प्रतिबिंब दिसलं.

पण माझी कसोटी इथेही लावा. व्ही-तैवानच्या निष्कर्षाला सरकार बांधील नव्हतं; प्रशासनाची मर्जी असेल तोवर ते चाललं. त्याच देशात २०१५ मध्ये आलेल्या ‘जॉइन’ या सरकारी व्यासपीठावर ५ हजार पाठिंबे मिळाले की संबंधित खात्याला उत्तर द्यावं लागतं. चर्चेचं तंत्र एकीकडे सरस, बंधन दुसरीकडे जास्त.

लोकांकडून मसुदाच लिहून घेणं हा याचा पुढचा टप्पा. आइसलंडनं २०११ मध्ये राज्यघटनेचा मसुदा करताना प्रत्येक कलम इंटरनेटवर टाकून लोकांची मतं घेतली. २०१२ च्या सार्वमतात मत दिलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी त्याला कौल दिला. तरीही संसदेनं तो मंजूर केला नाही. सार्वमत सल्लादर्शक होतं, बंधनकारक नव्हतं, आणि ते तसंच उमगायला लोकांना फार किंमत मोजावी लागली.

पैसे वाटायचे असतील तर

सहभागी अंदाजपत्रक म्हणजे ठरावीक रक्कम बाजूला काढून ती कशावर खर्च करायची हे लोकांनी ठरवायचं. ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्री शहरात १९८९ मध्ये हे सभा भरवून सुरू झालं. पॅरिस आणि माद्रिदनं २०१४-१५ च्या सुमारास ते ऑनलाइन आणलं. नवख्या संस्थेनं काय निवडावं असं मला विचाराल तर हेच. रक्कम ठरलेली, यादी डोळ्यांसमोर, निकाल वर्षभरात वीट-सिमेंटमध्ये दिसतो. चूक झालीच तर एक बाग नको तिथे होते, राज्य बुडत नाही.

माद्रिदचा अनुभव मात्र शेजारच्या खोलीतून धडा देतो. त्याच व्यासपीठावर कुणीही धोरणाचा प्रस्ताव मांडू शकत होतं आणि शहरातल्या १६ वर्षांवरच्या रहिवाशांपैकी १ टक्क्याचा पाठिंबा मिळाला की त्यावर मतदान व्हायचं. ऐकायला १ टक्का किरकोळ वाटतो. हजारो प्रस्ताव आले, पाठिंबा त्यांत विखुरला, आणि २०१७ च्या मतदानापर्यंत पोचले ते फक्त दोन. अंदाजपत्रक चाललं, प्रस्ताव तुंबले. माणसं तीच, सॉफ्टवेअर तेच, बदलला तो नियम.

थेट मतदान

आता ज्याची मागणी सगळ्यात आधी होते आणि जे मी सगळ्यात शेवटी सुचवतो. ‘बँक मोबाइलवर चालते, मग मत का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. बँकेच्या व्यवहारावर तुमचं नाव असतं, खात्याचा उतारा येतो, चूक सापडली की उलट नोंद करता येते. मतावरचं नाव मात्र पुसावंच लागतं, आणि नाव पुसलं की चूक शोधायचा धागाही तुटतो.

एस्टोनियानं हे कोडं कसं हाताळलं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. २००५ पासून तिथे इंटरनेटवर मतदान होतं. पहिल्या वर्षी साडेनऊ हजारांहून कमी मतं तशी आली, २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त. मतदार आपलं ओळखपत्र वाचकयंत्रात घालतो, एक गुप्त अंक टाकून आपण कोण ते सांगतो, उमेदवार निवडतो, मग दुसरा गुप्त अंक टाकून डिजिटल सही करतो. टपाली मतदानातल्या दोन पाकिटांसारखं हे आहे: आत बंद मत, बाहेरच्या पाकिटावर सही. मोजणीआधी बाहेरचं पाकीट बाजूला होतं. मत पोचलं का, हे फोननं क्यूआर कोड वाचून तपासता येतं. आणि खुबी अशी की मुदतीच्या आत मत हवं तितक्या वेळा बदलता येतं. शेवटचं ग्राह्य, आणि केंद्रावर जाऊन कागदावर दिलंत तर कागदाचं ग्राह्य. घरात कुणी मागे उभं राहून दटावत असेल, तर तो गेल्यावर पुन्हा मत द्या.

एवढी तयारी तुमच्याकडे आहे का? राष्ट्रीय डिजिटल ओळखपत्र आधी घराघरात पोचलं म्हणून ते जमलं. नॉर्वेनं २०११ आणि २०१३ मध्ये प्रयोग करून थांबवले. स्वित्झर्लंडनं टपालखात्याच्या प्रणालीची तपासणी खुली केली, संशोधकांना गंभीर दोष सापडले, २०१९ मध्ये ती बंद झाली आणि सुधारून २०२३ मध्ये मर्यादित प्रमाणात परतली. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ मध्ये मतदानयंत्रांबद्दल सांगितलेलं तत्त्व इथेही लागू पडतं: मतदानाचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत.

गुप्ततेची गरजच नसेल तर बहुतेक अडचणी विरघळतात. सभेत हात वर करून जे ठरायचं ते ऑनलाइन खुलेपणानं ठरवा, नावानिशी यादी लावा, ज्याचं मत चुकीचं नोंदलं तो दुसऱ्या मिनिटाला ओरडेल.

प्रवाही लोकशाहीचा मोह काहींना पडतो: विषयागणिक आपलं मत विश्वासाच्या माणसाकडे सोपवायचं आणि वाटेल तेव्हा परत घ्यायचं. जर्मनीच्या पायरेट पक्षानं २०१० पासून ‘लिक्विडफीडबॅक’वर हे केलं. मतं थोड्या लोकांकडे साचत गेली, आणि सभासदांनी खऱ्या नावानं मत द्यावं का यावरच पक्ष भांडत बसला. छोट्या गटाला करून बघायला हरकत नाही.

आणि नुसती गंमत म्हणून जनतेचा कौल मागू नका. ब्रिटनच्या संशोधन-जहाजासाठी २०१६ मध्ये नावं मागवली तेव्हा ‘बोटी मॅकबोटफेस’ पहिलं आलं. जहाजाला नाव दिलं निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड अॅटनबरो यांचं, आणि बोटी हे नाव गेलं पाण्याखालच्या छोट्या यंत्राला. लोक हसले, पण कौल मागून तो न पाळल्याची नोंद झालीच.

मग काय घ्यावं?

प्रश्न तुमचा तुम्हालाच नीट माहीत नसेल तर याचिका, पण आकडा इतका ठेवा की वर्षातून तीन-चार तरी पार होतील. मसुदा तयार असेल तर हरकती-सूचना, उत्तराच्या तारखेसह. दोन तट पडले असतील तर पोलिससारखं साधन, आणि त्याचा निष्कर्ष ज्याच्या टेबलावर जाणार त्याची लेखी संमती आधी घ्या. पैसे असतील तर अंदाजपत्रक. पदाधिकारी निवडायचे असतील आणि गुप्तता हवी असेल तर कागद आणि पेटी.

सॉफ्टवेअरची चिंता त्यामानानं कमी आहे. माद्रिदचं ‘कॉन्सुल’ आणि बार्सिलोनाचं ‘देसिदिम’ (कातालान भाषेत ‘आपण ठरवतो’) दोन्ही मुक्त आहेत. खर्च होतो तो माणसांवर: सूचना वाचणारा, उत्तरं लिहिणारा, आणि ज्यांच्या हातात फोन नाही त्यांच्याकडून कागदावर मत घेणारा. पॅरिसनंही ऑनलाइनच्या जोडीला मतपेट्या ठेवल्याच. या तिसऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात धरला आहे का, ते आजच बघून घ्या.