हिरव्या मलमापायी ८,३९० रुपये आणि जांघेची कातडी घालवली

लाज वाटते लिहायला पण लिहितोच, कारण माझ्यासारखे सगळे गप्प बसतात म्हणून ह्या भोंदू वैद्यांचं फावतं.

मी नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला आहे. जाड पँट, दिवसभर घाम, त्यात जांघेत गजकर्ण झालं. जागा अशी की कुणाला दाखवायची सोय नाही. मेडिकलमध्ये गेलो तर काउंटरला आमच्याच बिल्डिंगमधल्या काकू उभ्या, मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आलो. हसा खुशाल.

मग बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, बाजाराला गेलो. भाजीवाल्यांच्या पलीकडे एक जण चादर टाकून बसलेला, पुढे मुळ्या, साली आणि हिरव्या मलमाच्या डब्या. खाज, खरूज, नायटा सगळं तीन दिवसात साफ म्हणे. डबी २८० रुपये. घेतली. आणि खरंच दुसऱ्या रात्री खाज बंद! महिनाभराने झोप लागली मला. त्या झोपेनेच घात केला, कारण नंतर कुणी काही बोललं की मी म्हणायचो, अरे मला गुण आलाय ना.

आता ऐका कुठे कळायला हवं होतं. डबी अर्धी संपली तेव्हा बोट जरा खोल गेलं तर आत पांढरं. वर हिरवं, आत शुभ्र पांढरं, मधे रेघा रेघा, श्रीखंडात रंग नीट फेटला नाही की दिसतो तसं. म्हणजे कुठल्यातरी ट्यूबमधलं पांढरं क्रीम डबीत पिळून वरून रंग आणि कापूर घातलेला, दुसरं काय! आणि मी काय केलं? बोटाने ढवळून सगळं एकसारखं हिरवं केलं आणि लावलं. स्वतःच्या हाताने. रात्री आठवलं की अजून कानफटात मारून घ्यावीशी वाटते.

आई पण म्हणाली होती. ती टाचांच्या भेगांना मेण आणि तिळाचं तेल तापवून मलम करते, ते हाताला लागलं की साबणाशिवाय जात नाही, आणि हे नुसत्या पाण्याने धुऊन निघतंय, हे कसलं रे जडीबुटीचं मलम? मी म्हटलं आई तुला काय कळतं. सगळं तिलाच कळत होतं.

आणखी दोन डब्या घेतल्या, ५६० रुपये. लावायचं थांबवलं की चार दिवसात दुप्पट, मांडीवर, पोटावर, गोल कडा पण नाही, नुसता लाल पसारा. एकच टॉवेल असल्यामुळे बायकोलाही झालं, ते तर वेगळंच रामायण. डबीवरच्या नंबरला फोन केला तर म्हणतो आतलं विष बाहेर पडतंय, पंचवटीत आमच्या वैद्यांना भेटा.

पुडीचा खेळ तुम्हाला माहितीच असेल. मलाही माहिती होता, पेपरात वाचलेला. तरी पंचवटीत गेलो. तिथला वैद्य भस्म ६५० म्हणाला, मी समजलो सगळं मिळून ६५०. तो खलात पुड्या फोडत गेला, बोलत गेला, आणि शेवटी ११ पुड्या, पुडीला ६५०, म्हणजे ७,१५०, वर मलमाचे ४००. एकदा घोटलं की परत घेत नाही म्हणे. ५,००० फोनवरून भरले, नाव कुठल्यातरी मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं आलं, वैद्याचं नाही, तरी पिन टाकला. उरलेले २,५५० दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून स्वतः नेऊन दिले. डिप्लोमा झालेला माणूस आहे मी, अडाणी नाही. पण चार रात्री जांघ खाजवून बघा आणि मग मला शिकवा.

शेवटी स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. डबी खिशातून काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "स्टिरॉइड किती दिवस लावलंत?" स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, गजकर्णाची बुरशी मरत नाही, उलट पसरते आणि गोल आकारही पुसला जातो. बहुतेक क्लोबेटासॉलसारखं काहीतरी असेल म्हणाल्या, ते ०.०५ टक्क्यालाच सगळ्यात कडक गटात मोडतं, आणि जांघेची कातडी पातळ, तिथे जास्त शोषलं जातं. पोटुशी बाईच्या पोटावर पडतात तसे पट्टे पडलेत मला, रंग फिका होईल पण जाणार नाहीत. फी ६००, पहिल्या महिन्याची औषधं १,७४०, बायकोची वेगळी. खाज दोन दिवसात गायब झाली तर खूश होऊ नका, संशय घ्या!

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत म्हणाले पैसे तुम्हीच दिलेत ना, कुणी सुरा लावला होता का? वर एकाने विचारलं नक्की कुठे झालंय, आणि बाकीचे हसले. मग एका सरकारी ऑफिसात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा टेबल चुकलं, तिसऱ्यांदा म्हणाले बिल आणा, लेबलवरचा बॅच नंबर लिहा. अहो, आयुर्वेदिक औषधावरसुद्धा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक कायद्यानेच छापावे लागतात, ते काहीच नाही हीच तर माझी तक्रार आहे! औषध कायद्याच्या कलम २६ ची प्रिंट नेली होती, विकत घेतलेलं औषध ग्राहकाला फी भरून सरकारी तपासणीला देता येतं. त्यांनी ती वाचली, घडी घालून मलाच परत दिली. आणि ह्यांच्या पगाराला माझा टॅक्स कापला जातो.

बिल मागा. पैसे भरताना समोर येणारं नाव वाचा. टॉवेल वेगळा ठेवा. आणि मेडिकलमध्ये काकू असल्या तर असू देत.

अर्धी डबी अजून आमच्या फ्रीजमध्ये आहे, लोणच्याच्या बरणीमागे, कॅरीबॅगेत बांधून. बायको रोज विचारते फेकू का. मी म्हणतो थांब, त्या ऑफिसात सोमवारी परत बोलावलंय.