डन्जन मास्टर्स गाइड (२०२४): एक पावसाळा काढल्यावर

फोंड्यात जुलैपासून काहीच कोरडं राहत नाही, तिथे ३८४ गुळगुळीत पानांचं हे पुस्तक कसं राहणार? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत, पात्रं वठवत खेळायचा साहसकथांचा खेळ, आणि तो चालवणाऱ्या डन्जन मास्टरचं, म्हणजे डीएमचं, हे मार्गदर्शक. डांबरगोळ्या टाकल्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, कपाटात बल्बही लावून पाहिला. चवथीपर्यंत पुठ्ठा फुगलाच आणि सातव्या प्रकरणातली पानं सादळून एकमेकांना चिकटली. आता ग्रुपमधली पोरं म्हणतायत, वर्गणी काढून नवी प्रत घेऊया. मी नको म्हणतोय.

(ऑनलाइन विक्रेत्याचं वेगळंच. कोपरा चेपलेली प्रत पाठवली आणि तक्रार केल्यावर विचारलं, वाचता येतंय ना? येतंय, बाबा.)

मी हे घेतलं खेळातल्या जादूच्या वस्तूंसाठी, म्हणजे त्या सातव्या प्रकरणासाठीच. वस्तू इंग्रजी वर्णानुक्रमाने लावल्यात, त्यामुळे नवख्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, झेपेल असं काही शोधायचं तर आधी दुर्मिळतेचे तक्ते, मग पुन्हा यादी, अशी पानांची उलटापालट. तेही चाललं असतं. पण पौंड!

बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीला आमच्याकडे सगळे पोतडी म्हणतात. तिच्यात ५०० पौंड वजन आणि ६४ घनफूट सामान मावतं. फुटांचं काही नाही, आपण उंची फुटांत सांगतो, फ्लॅट चौरस फुटांत घेतो, नकाशावरचा ५ फुटांचा चौकोन कुणाला खटकत नाही. पौंड मात्र आपल्याला केकपुरतेच ठाऊक. आमच्या ‘रोग’ने, म्हणजे चोराचं पात्र खेळणाऱ्याने, एका देवळातली अख्खी माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची चौकट), नारळ-सुपारी-केळ्यांच्या घडांसकट, पोतडीत भरायचं ठरवलं. ५०० पौंड म्हणजे साधारण २२७ किलो. सोललेला नारळ अर्ध्या किलोचा धरला तर साडेचारशे नारळ. मग कुणीतरी म्हणालं, माटोळीचे नारळ सोललेले नसतात रे! मग घनफूट निघाले, मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर निघाले. भार जास्त झाला तर पोतडी फाटते आणि आतलं सगळं ॲस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच विश्वात विखुरतं, त्यामुळे कुणीच मागे हटेना. लढायला आलेले गॉब्लिन नावाचे शत्रू बाहेर ताटकळत राहिले.

एप्रिल २०२५ मध्ये एसआरडी ५.२ (प्रकाशकांनी खुले केलेले खेळाचे मूळ नियम) आलं. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, फुकट, कायदेशीर पीडीएफ. पोतडी त्यात आहे आणि आमच्या खेळात लागणाऱ्या बहुतेक वस्तूही. ज्या प्रकरणासाठी पैसे मोजले त्याचा मोठा भाग आता मोबाइलवर मिळतो, आणि मोबाइल सादळत नाही. तेव्हा मी चिडून लोकांना सांगत सुटलो होतो की हे पुस्तक घेऊच नका.

आता तसं सांगत नाही. २०१४ची आवृत्ती सुरू व्हायची जग कसं रचावं, देव किती, विश्वं किती यापासून. खेळ प्रत्यक्ष चालवायचा कसा हे थेट आठव्या प्रकरणात. नवा डीएम तिथवर पोचायचाच नाही. इथे ते पहिल्या दोन प्रकरणांत आहे. खेळाडू नियमांच्या फटी शोधू लागले तर काय करावं यावर पहिल्याच प्रकरणात लिहिलंय: नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, ते खेळ चालावा म्हणून आहेत आणि त्यांचा अर्थ सगळ्यांनी चांगल्या मनाने लावायचा. तेवढा भाग मी टेबलावर मोठ्याने वाचून दाखवला. नारळांचा हिशेब त्यानंतर बंद झाला. एसआरडीत हे नाही. कोणत्या गोष्टी खेळात नकोत हे आधीच कसं बोलून घ्यावं, तेही चांगलं मांडलंय. आमच्यात एक शाळकरी पोरगी खेळते, तिच्यासाठी ते कामाला आलं.

चौथ्या प्रकरणात छोटी साहसं आहेत, आयत्या वेळी उपयोगी. नोंदींचे छापील तक्ते आहेत, त्यातला जादूच्या वस्तूंचा तक्ता मी झेरॉक्स करून आणतो. कुणाकडे काय आहे यावरची भांडणं दोन रुपयांत मिटतात. बॅस्टियन, म्हणजे पाचव्या लेव्हलपासून मिळणारं स्वतःचं ठाणं, ज्यांना जमाखर्च आवडतो त्यांना आवडेल. ग्रेहॉक या खेळातल्या काल्पनिक जगाचा नकाशा पुस्तकातून सुटा होतो. तो आधी लॅमिनेट करा.

तर नवी प्रत नको. चिकटलेल्या पानांतलं बहुतेक एसआरडीत मिळतं, पहिली चार प्रकरणं अजून धड आहेत. ज्याला डीएम व्हायचंय त्याने जरूर घ्यावं, ग्रुपमध्ये एक पुरे. खेळाडूंना या पुस्तकाची गरज नाही. त्यांनी फासे तेवढे स्वतःचे आणावेत.