चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक आणि गुलमंडीजवळचे दुरुस्तीचे दुकान

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीकडून औरंगपुऱ्याकडे जाताना एका बोळात, जिन्याखालच्या जागेत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे एक लहान दुकान आहे. पाटी नाही. जुने रेडिओ, अँप्लिफायर आणि वाळूजच्या कारखान्यांतून आलेली कंट्रोल कार्डे दाराशी रचून ठेवलेली दिसली की तेच दुकान समजावे. मी परभणीहून दोन वेळा तेथे गेलो. ज्या बिघाडापुढे आधीच्या दोन दुरुस्ती केंद्रांनी हात टेकले होते, तो तेथे नेमका सापडला आणि दूरही झाला. जुनी यंत्रे जपणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

यंत्र आहे बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक १९८१ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट मेमरी असते. १९८४ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला, तेव्हा भारतातील निवडक शाळांत हीच यंत्रे पोहोचली. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन त्यांची ‘युनिकॉर्न’ ही भारतीय आवृत्तीही काढली. मी पहिला प्रोग्रॅम याच कळफलकावर लिहिला, आणि आज गणित शिकवतो त्याचे एक मूळ तेथे आहे, म्हणून काही वर्षांपूर्वी भंगारात निघालेले एक चालू यंत्र मिळाले तेव्हा मी ते किंमत न करता घेतले.

त्यात बेसिक भाषेची दुसरी आवृत्ती होती. चौथ्या आवृत्तीत ओळ दुरुस्त करण्यासाठी ‘एडिट’ आणि हवा तो शब्द असलेल्या ओळीच दाखवणारी ‘लिस्ट इफ’ अशा दोन सोयी आहेत, आणि लांब प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्या फार मोलाच्या वाटतात. मात्र ही आवृत्ती जुन्या ६५०२ वर चालत नाही, कारण तिच्यात ६५सी०२ या सीमॉस (कमी वीज लागणाऱ्या बनावटीच्या) प्रोसेसरच्या जादा आज्ञा वापरलेल्या आहेत. त्यामुळे मी ऑनलाइन नवी ६५सी०२ मागवली, जुनी चिप काढून तिच्या जागी बसवली, आणि तेथूनच यंत्र बंद पडू लागले.

बीबीसी मायक्रो सुरू करताना आधी एक खर्जातला आवाज येतो आणि त्याला लागूनच एक बारीक ‘बीप’ होतो. माझ्या यंत्रात कधी तो खर्ज थांबतच नसे, म्हणजे प्रोसेसर सुरुवातीचे काम पूर्णच करू शकत नव्हता. कधी वीस मिनिटे सगळे सुरळीत चाले आणि अचानक पडद्यावर भलतीच अक्षरे पसरत. ‘ब्रेक’ कळ दाबूनही ते मार्गावर येत नसे. मार्च महिना असल्यामुळे मला उन्हाची शंका आली आणि मी टेबलफॅन लावून पाहिला, पण फरक पडला नाही. पहिल्या केंद्रात ‘मदरबोर्ड गेला’ असे न उघडताच सांगण्यात आले. दुसऱ्या केंद्राने मेमरीच्या चार चिप बदलून पैसे घेतले आणि यंत्र होते तसेच परत केले.

शेवटी एका सहकाऱ्याने या दुकानाची खूण सांगितली. यंत्र वाकळीत गुंडाळून मी मराठवाडा एक्सप्रेसने निघालो. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. हा संगणक त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता आणि ते त्यांनी आधीच सांगितले. मला हे आवडले. यंत्र सुरू करून त्यांनी सर्वप्रथम नव्या चिपवर बोट ठेवले आणि लगेच उचलले. “सर, सीमॉस चिप इतकी तापत नसते. का तापते ते आधी बघू, बदलाबदली नंतर.”

ऑनलाइन मिळणाऱ्या जुन्या धाटणीच्या चिपवरची अक्षरे पुष्कळदा घासून नव्याने छापलेली असतात, म्हणून त्यांनी ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस अक्षरांवरून फिरवला. अक्षरे टिकली, म्हणजे चिप खरी असावी. मग त्यांनी जुन्या ६५०२ चा आणि या चिपचा पिनांचा तक्ता छापून घेतला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चाळीसही पिनांवरून पेन्सिल फिरवत प्रत्येक जुळणाऱ्या पिनेपुढे बारीक खूण केली. पेन्सिल पहिल्याच पिनेपाशी अडली. जुन्या प्रोसेसरची १ क्रमांकाची पिन ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची, आहे आणि बोर्डावरही ती ग्राउंडलाच जोडलेली आहे. आज तयार होणाऱ्या ६५सी०२ मध्ये मात्र त्याच पिनेतून एक सिग्नल बाहेर येतो. तो बहुतेक वेळ पाच व्होल्टांवर असतो, म्हणजे माझी चिप आपला एक सिग्नल सतत ग्राउंडवर मारत होती आणि त्यामुळे तापत होती.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म होती. ३६ क्रमांकाची पिन जुन्या प्रोसेसरमध्ये कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे बोर्डावरही तेथे काही नाही. नव्या चिपमध्ये तीच पिन ‘बस एनेबल’ म्हणून काम करते. ती पाच व्होल्टांवर असेल तोवरच प्रोसेसर पत्त्याच्या आणि डेटाच्या तारा चालवतो, खाली गेली की त्या सोडून देतो. माझ्या यंत्रात ती अधांतरी होती, आणि सीमॉस चिपची अधांतरी पिन हवेतल्या विद्युतभाराप्रमाणे वर-खाली होत राहते. काकांनी मला ते दाखवले. यंत्र चालू असताना त्यांनी त्या पिनेजवळ नुसते बोट नेले, स्पर्शही केला नाही, आणि पडद्यावरची माझी पहाड्यांची यादी अर्ध्यावर विस्कटली. घरी कधी कधी मी हात पुढे केला की यंत्र बंद पडे आणि मला तो योगायोग वाटे. मराठवाड्यातली मार्च-एप्रिलची कोरडी हवा अशा पिनेला आणखी अस्थिर करते, हेही त्यांनी सांगितले.

चिपची पिन वाकवायची किंवा बोर्डाचा पट्टा कापायचा, असे मी सुचवले होते. त्यांनी दोन्ही नाकारले. चाळीस पिनांचा एक सुटा आयसी बेस (चिप खोचायचे सॉकेट) घेऊन त्याची १ क्रमांकाची पिन त्यांनी कापली आणि ८ व ३६ या पिनांमध्ये ३.३ किलोओहमचा रेझिस्टर डाग देऊन बसवला. ८ क्रमांकाच्या पिनेवर पाच व्होल्ट येतात, त्यामुळे ३६ आता कायम वर राहते. नारिंगी, नारिंगी, लाल आणि सोनेरी पट्ट्यांचा तो इवलासा तुकडा बेसच्या पोटात असा आडवा बसला आहे की चिप लावल्यावर तो दिसतही नाही. हा बेस मूळ सॉकेटमध्ये बसतो, त्यामुळे बोर्डाला ओरखडाही आला नाही आणि मूळ ६५०२ केव्हाही परत लावता येते. याची गरजही पडते, कारण जुन्या चिपच्या अघोषित आज्ञांवर अवलंबून असलेले काही खेळ सीमॉस प्रोसेसरवर चालत नाहीत.

तरीही यंत्र तासाभराने एकदा अडखळले. काकांनी प्रोसेसरच्या ८ आणि २१ या पिनांवर मीटर लावला, तेव्हा ४.६८ व्होल्ट भरले. बोर्डावरच्या ७४एलएस जातीच्या चिपना किमान ४.७५ लागतात. दोष पॉवर सप्लायमध्ये नव्हता. तेथून बोर्डापर्यंत येणाऱ्या लाल आणि काळ्या तारांची चपटी टोके काळवंडून सैल झाली होती. ती घासून आवळल्यावर व्होल्टेज ४.९७ झाले. सप्लाय उघडलाच होता, म्हणून मेन्सच्या बाजूचे तडा गेलेले दोन कपॅसिटरही मला विचारून बदलले. या वयाच्या बीबीसी मायक्रोमध्ये ते धूर करून फुटतात हे सर्वज्ञात आहे. ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांनी ते बिघाडाची वाट न पाहता बदलून घ्यावेत.

तपासणीचे ३००, मजुरीचे ९०० आणि सुट्या भागांचे १८०, असे एकूण १,३८० रुपये झाले. तपासणीचे पैसे वेगळे का, असे एक गिऱ्हाईक माझ्यासमोर कुरकुरत होते. माझ्या मते तेच ३०० रुपये सर्वांत सार्थकी लागले, कारण बदललेल्या भागांची किंमत किरकोळ आहे आणि चाळीस पिना एकेक करून जुळवण्याची तयारी मला याआधी कुठेही दिसली नव्हती.

उणिवाही सांगायला हव्यात. पाच दिवस सांगून काम तीन आठवड्यांनी झाले. कारखान्याचे कार्ड आले की आपले काम मागे पडते. फोन क्वचितच उचलला जातो आणि छापील पावती मिळत नाही, मात्र वहीच्या कागदावर प्रत्येक भागाचा हिशेब लिहून देतात. परगावच्या माणसाला या गोष्टींचा त्रास होतो, मला झाला.

दुरुस्तीनंतर दोन महिने यंत्र रोज संध्याकाळी दोन तास चालते आहे आणि मे महिन्याच्या उन्हातही ते एकदाही बंद पडलेले नाही. तेथे जाणाऱ्यांनी एवढे करावे, काढून ठेवलेली मूळ चिप सोबत न्यावी, आणि नव्या चिपवरचा पूर्ण क्रमांक आधीच कागदावर उतरवून घ्यावा. काका पहिल्यांदा तेच मागतात.