चिलरचा गॅस ‘उतरला’ म्हणून माझे ९३,७५१ रुपये गेले, कॉम्प्रेसरचे वेगळेच

आधी आकडे. मार्चमध्ये १७,२२८ रुपये, एप्रिलमध्ये २४,६०३, मेमध्ये ५१,९२०. तिन्ही बिलं मिळून ९३,७५१. त्यानंतर जूनमध्ये एक नंबरचा कॉम्प्रेसर जळाला, त्याचे १,६८,७४०. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये प्लास्टिक मोल्डिंग करणाऱ्याला ही रक्कम म्हणजे काय, ते वसाहतीत धंदा करणाऱ्यांना सांगायला नको. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे लिहितोय, कारण ही बिलं लावणारा तो चिलर मेकॅनिक अजून याच वसाहतीत फिरतोय.

चिलर म्हणजे मोल्डसाठी पाणी थंड करणारं मशीन. माझा वीस टन क्षमतेचा, हवेने थंड होणारा (एअर-कूल्ड). गॅस फिरण्याची दोन वेगळी सर्किट, दोन स्क्रोल कॉम्प्रेसर (गॅस दाबणारे पंप), गॅस आर-४०७सी. मोल्डला बारा अंशाचं पाणी लागतं. तेच अठरावर गेलं की सायकल टाइम वाढतो, माल वाकतो, त्यावर खड्डे (सिंक मार्क) येतात आणि पार्टी अख्खी लॉट परत पाठवते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ‘सहज चेकिंग’ला यायचा तो भर उन्हात, डिस्पॅच तोंडावर असताना.

‘मालक, गॅस उतरलाय बघा. साइट ग्लासात बुडबुडे आलेत. आज नाही भरला तर कॉम्प्रेसर जाईल, मग मला बोलू नका.’

साइट ग्लास म्हणजे गॅसच्या नळीवरची बघायची काच. गेज लावून दाखवायचा. सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या दाबाचा, काटा खाली, काचेत बुडबुडे, सगळं डोळ्यांसमोर. मग थोडा वेळ सिलेंडर जोडायचा, की काटा वर आणि काच स्वच्छ. समोर दिसतंय त्यावर कोण संशय घेणार? मी मोल्डिंगवाला आहे, गॅसचा मेकॅनिक नाही. त्याच्या पाटीवर ‘चिलर तज्ज्ञ’ लिहिलेलं होतं, माझ्या नाही.

ते कसं करायचा हे कॉम्प्रेसर जळाल्यावर कळलं. इचलकरंजीहून एक जुने मेकॅनिक बोलावले होते. त्यांनी दोन नंबरचं सर्किट चालू केलं, ज्यात गॅस जवळजवळ पूर्ण होता. लिक्विड लाइनच्या, म्हणजे द्रवरूप गॅस नेणाऱ्या नळीच्या, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि पान्याने व्हॉल्व्ह हळूहळू दाबत नेला. काचेत बुडबुडे आले, सक्शन पडलं. हुबेहूब तेच दृश्य. व्हॉल्व्ह परत उघडला, सगळं जागेवर. एक नंबरच्या व्हॉल्व्हवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. माझ्या शेडमध्ये, माझ्याच समोर उभं राहून त्याने हा खेळ केला होता. बुडबुडे दिसले म्हणजे गॅस कमी, असं डोळे झाकून मानू नका. फिल्टर ड्रायर (गॅसमधला कचरा आणि ओलावा अडवणारा फिल्टर) चोंदला तरी बुडबुडे येतात, लोड एकदम बदलला तरी येतात. मेकॅनिकला सुपरहीट (परतणारी वाफ उकळबिंदूच्या किती वर तापली) आणि सबकूलिंग (द्रव गॅस किती जास्तीचा थंड झाला) दोन्ही मोजायला लावा. नळीवर थर्मामीटर न लावता गॅस कमी आहे म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा.

आता मेच्या बिलाबद्दल. ते अजून झोप लागू देत नाही.

त्या वेळी तो म्हणाला, एक नंबर सर्किट पूर्ण रिकामं करून नव्याने भरावं लागेल. बिल असं: गॅस २२ किलो, ११५० रुपये दराने २५,३००. पीओई ऑइल (आर-४०७सी च्या कॉम्प्रेसरला लागणारं कृत्रिम तेल) ८ लिटर, ११,२००. नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि मजुरी ७,५००. वर अठरा टक्के जीएसटी. आणि आणला काय होता? एकच सिलेंडर. खांद्यावरून उतरवून माझ्या पायाशी ठेवला होता, त्याच्या खोक्यावर ११.३ किलो छापलेलं मी वाचलं होतं. ११.३ च्या एका सिलेंडरमधून २२ किलो निघतील कसे? मशीनच्या पॅनेलवर नेमप्लेट आहे, त्यावर स्पष्ट कोरलंय: प्रत्येक सर्किटला ९ किलो गॅस, प्रत्येक कॉम्प्रेसरला ३.३ लिटर ऑइल. नऊ किलोच्या सर्किटमध्ये बावीस किलो! ते खोकं, ती प्लेट आणि ते बिल तिन्ही एकाच वेळी माझ्या नजरेच्या टप्प्यात होते. पण गाडी लोडिंगला लागली होती, पार्टीचे फोन चालू होते, आणि तो हात पुसत उभा होता, ‘ट्रान्सफर करताय का मालक?’ म्हणत. सीझनमध्ये अशा वेळी नेमप्लेट कोण वाचतो, हे एकाने तरी प्रामाणिकपणे सांगावं.

दराबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, जुने गॅस बंद होतायत, माल मिळत नाही. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे आर-२२ टप्प्याटप्प्याने बंद होतोय हे खरं. पण माझ्या मशीनमध्ये आर-२२ नाही. आर-४०७सी ओझोनला धक्का लावत नाही, त्यामुळे त्या कारणाचा माझ्या बिलाशी काही संबंध नव्हता.

गॅस ‘संपत’ नाही. चिलर म्हणजे बंद पाइपलाइन, पेट्रोलची टाकी नव्हे. कमी झाला तर गळती आहे, आणि गळती न शोधता टॉप-अप करणारा एकतर अडाणी किंवा चोर. आर-४०७सी तीन गॅसांचं मिश्रण आहे, आर-३२, आर-१२५ आणि आर-१३४ए. गळताना तिघं सारख्या प्रमाणात जात नाहीत, म्हणून मोठी गळती झाली तर ती बंद करून, उरलेला काढून, वजनाने नवा भरतात. तोही सिलेंडरमधून द्रवरूपात. याने तो सिलेंडर उभा ठेवून वाफेने भरला, हे माझ्या हेल्परलाही आठवतंय. वजनकाटा तर त्याने कधी आणलाच नाही. काटा नाही, गॅस नाही. सिलेंडर भरण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवून मोबाईलमध्ये फोटो काढा.

इचलकरंजीच्या जुन्या मेकॅनिकनी गॅस रिकव्हर करून, म्हणजे मशीनमधून बाहेर काढून, वजन केलं. एक नंबरमध्ये ५.१ किलो, दोन नंबरमध्ये ८.७. तिन्ही बिलांत मिळून ३७ किलोचे पैसे घेतलेत. नवा कॉम्प्रेसर बसवल्यावर नायट्रोजनने २५० पीएसआय दाब दिला, रात्रभर गेजचा काटा हलला नाही. म्हणजे गळतीच नव्हती. ‘रिकामं करतो’ म्हणून माझ्या मशीनमधून काढलेला गॅस कुणाला विकला असेल, ते मी कागदावर सिद्ध करू शकत नाही.

ऑइलने तर मशीनच मारलं. तिन्ही बिलं धरून १६ लिटर ‘पीओई’. शेडमागे त्याचा रिकामा डबा सापडला, त्यावर मिनरल ऑइल लिहिलंय, आर-२२ च्या मशीनचं. आर-४०७सी मध्ये मिनरल ऑइल विरघळत नाही, गॅसबरोबर फिरून परत येत नाही, इव्हॅपोरेटरमध्ये (पाणी थंड होतं त्या भागात) साचून बसतं. कॉम्प्रेसरची ऑइल दाखवणारी काच रिकामी दिसते, हा म्हणणार ऑइल कमी, आणि अजून ओतणार. वर गॅस अर्धा, म्हणजे मोटारीला थंडावा नाही. जळणार नाही तर काय?

ऑइलची पातळी मशीन नीट लोडवर अर्धा तास चालल्यावरच बघा. चालू केल्या केल्या ऑइलमधला गॅस उकळतो, फेस येतो, पातळी कळत नाही. तो नेमका तेव्हाच दाखवायचा. बंद मशीनचा क्रॅंककेस हीटर (कॉम्प्रेसरमधलं ऑइल गरम ठेवणारा) चालू आहे का तेही बघत जा.

मग सुरू झाली कार्यालयं. पोलिसांत गेलो. ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जावा.’ मी म्हटलं, साहेब, अकरा किलोच्या सिलेंडरमधून बावीस किलो विकले, मग फसवणूक कशाला म्हणायचं? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे ना? उत्तर: ‘तुम्ही बिल तपासून पैसे दिलेत की.’ तक्रार अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का मिळेना. ग्राहक म्हणून दाद मागायची तर वकील म्हणाले, २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही. स्वतःच्या चरितार्थाचा धंदा आहे हे सिद्ध करावं लागेल. आठ कामगार आहेत म्हणून मी ग्राहक नाही! वजनमापांच्या कार्यालयात म्हणाले, वजन आमच्यासमोर झालं नाही, आता पुरावा कुठला? म्हणजे चोर येण्याआधी इन्स्पेक्टर बोलावून ठेवायचा होता. त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला निघाला. माझे जीएसटीचे १४,३०१ रुपये, इनपुट क्रेडिट (माझ्या करातून मिळणारी वजावट) काही मिळणार नाही. करखात्याने ऑनलाइन तक्रार करा सांगितलं, केली, पुढे काही नाही. मी कर एक दिवस उशिरा भरला तर व्याज लागतं. याने रद्द नंबरवर कर गोळा केला, त्याला साधी नोटीस नाही. प्रत्येक टेबलावर मलाच शहाणपण शिकवलं गेलं, त्याला एक फोनही कुणी केला नाही.

जीएसटी नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर टाका, फुकट आहे. पैसे बिलावरच्या नावाच्या खात्यातच पाठवा. माझे मेचे पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर गेलेत. मशीन ठीक असताना सक्शन, डिस्चार्ज, पाण्याचं येतं-जातं तापमान आणि कॉम्प्रेसरचे अँपिअर रोज वहीत लिहा. माझ्याकडे अशी वही असती तर एप्रिलमध्येच त्याचं तोंड बंद झालं असतं. व्हॉल्व्हच्या टोप्यांवर रंगाची खूण करून ठेवा.

तिन्ही बिलं, नेमप्लेटचा फोटो, रिकव्हरीची वजनं आणि तो मिनरल ऑइलचा डबा मी जपून ठेवलाय. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल, कुठेही नेमप्लेटपेक्षा जास्त गॅसचं बिल कुणाच्या फाइलमध्ये असेल तर काढून बघा आणि मला कळवा. पुढचा अर्ज मी एकट्याच्या सहीने देणार नाही.