गूगलची अकाउंट रिकव्हरी: नंबर चालू असेल तर उत्तम, नसेल तर अवघड

जीमेलचा पासवर्ड विसरला की बेळगावात पाय आधी खडे बाजार नाहीतर गणपत गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानाकडे वळतात. त्याआधी गूगलची स्वतःची फुकट सोय वापरून बघावी. ब्राउझरमध्ये ‘गूगल अकाउंट रिकव्हरी’ शोधलं की सापडते. पानाच्या तळाशी भाषा बदलता येते, मराठीही आहे आणि कन्नडही. सोय भक्कम आहे, पण आपण नेमकं काय तपासतोय ते ती उघड सांगत नाही.

फोन किंवा कॉम्प्युटर नेहमीचा आहे का, ब्राउझर तोच आहे का आणि जागा रोजची आहे का, याला ती फार महत्त्व देते. त्यामुळे खानापुरात घरी रोज वापरलेलं खातं बेळगावच्या सायबर कॅफेतून उघडायला गेलं, तर खरा मालकही तिला परका वाटतो. घरच्याच फोनवरून, घरच्याच वायफायवर बसून करा. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर जागा रिकामी सोडू नका. आधीचा जुना पासवर्डसुद्धा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. कोड येत नसेल तर दुसऱ्या पद्धतीचा पर्याय दाबा. कधीकधी गूगल काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगतं. तेव्हा खरंच थांबा.

खरी गोम मोबाइल नंबरात आहे. सीमाभागात दोन सिम ही नेहमीची गोष्ट: एक कर्नाटकचं, एक कोल्हापूर-चंदगडकडचं. खातं उघडलं एका नंबरावर, रिचार्ज मात्र दुसऱ्यावरच. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असली, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर निदान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत. नंतर मात्र दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो आणि तुमचा ओटीपी त्याला जातो. म्हणून खात्याला जोडलेला नंबर अधूनमधून वापरात ठेवा. राज्य बदललं तरी नवा नंबर घेऊ नका, पोर्ट करा. जुलै २०१५ पासून देशभर कुठेही तोच नंबर नेता येतो. सिम हरवलं म्हणून त्याच नंबराचं नवं काढलं, तर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. सिम-स्वॅपची फसवणूक, म्हणजे तुमच्या नंबराचं दुसरं सिम भामट्याने काढणं, रोखायला केलेला हा नियम आहे, ओटीपी आला नाही म्हणून गूगलला शिव्या देऊ नयेत. आणखी एक: कुणी खात्यात शिरून रिकव्हरी नंबर बदलला, तरी जुन्या नंबरावर सात दिवस कोड मागवता येण्याची शक्यता असते. आठवडाभर हातावर हात ठेवून बसलात तर ती वाट बंद.

या सगळ्यापेक्षा बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खातं उघडायला आधीच काढून ठेवलेले कोड, बरे. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारी) सुरू केली की दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. कागदावर छापून रेशनकार्डाच्या पिशवीत टाकावेत. फोनमध्येच फोटो काढून ठेवले तर फोन हरवल्यावर काय उपयोग? नवा संच काढला की जुना बाद होतो.

कुलूपबंद फोनाच्या बाबतीत गूगल जास्त कडक आहे, आणि तेच बरोबर. अँड्रॉइड ५.१ पासून बटणं दाबून रिसेट केलेला फोन आधीचं खातं किंवा जुनं स्क्रीन लॉक मागतो. जुना फोन घेताना विकणाऱ्याला समोरच सेटिंग्जमधून खातं काढायला लावा, रिसेट करा, आणि फोन तुमच्या खात्याने पूर्ण सुरू होईपर्यंत पैसे देऊ नका. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा. ‘केवायएम’ (इंग्रजीत KYM) लिहून जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. ‘बायपास करून देतो’, म्हणजे खात्याचं कुलूप चुकवून देतो, म्हणणाऱ्याकडचा फोन घेऊच नये.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. विंडोजमध्ये पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा दाखवत असेल तर आधी खालच्या कोपऱ्यात कन्नड किंवा मराठी कीबोर्ड तर निवडलेला नाही ना, ते बघा; आपल्याकडे हे हमखास होतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून इंग्रजी करा. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी की मागितली, तर ती बहुधा तुमच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून तिथे लॉगिन करून बघा. ती सापडली नाही तर डेटा गेला, कुणी दुकानदार तो काढून देऊ शकत नाही.

मोफत जीमेलसाठी फोनवर बोलणारी हेल्पलाइन नाही, हा या सोयीचा मोठा उणेपणा. त्याच पोकळीत भामटे शिरतात: ‘जीमेल कस्टमर केअर’ म्हणून नेटवर सापडणाऱ्या नंबरावर फोन लावला की समोरचा ओटीपी मागतो नाहीतर स्क्रीन शेअर करायला लावतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.