लेझर गन घ्यावी की रडार गन?

कारखान्याच्या आवारात, टाउनशिपच्या रस्त्यावर किंवा क्रिकेटच्या नेट्सवर वेग मोजायचं यंत्र घ्यायला गेलात की विक्रेता आधी पल्ला सांगतो. तुम्ही आधी झोताची रुंदी विचारा.

साध्या रडार गनमधून सुटणारा रेडिओ लहरींचा झोत 12 अंशांच्या आसपास पसरतो. 300 मीटरवर तो 60 मीटरहून रुंद झालेला असतो. त्यात ट्रक, त्याच्या पुढची अल्टो, बाजूची बाइक, सगळेच येतात. आकडा मिळतो, पण तो कुणाचा? बहुधा ट्रकचा, कारण परत फिरणाऱ्या लहरींत त्याच्या पत्र्याचा वाटा मोठा.

लेझरचा किरण तेवढ्याच अंतरावर जेमतेम मीटरभर असतो. दुर्बिणीतला ठिपका नंबर प्लेटवर धरून खटका दाबला की अवरक्त प्रकाशाचे स्पंद सुटू लागतात. 300 मीटरवर जाऊन परत यायला एका स्पंदाला 2 मायक्रोसेकंद लागतात. वेळेवरून अंतर कळतं आणि ते किती झपाट्याने घटतंय यावरून वेग. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात नऊ मीटरहून जास्त जवळ आलेली असते. यंत्राला तेवढं पुरतं. महामार्ग पोलिसांना लेझर सोयीची पडते ती याचमुळे. चलान नेमक्या एका गाडीच्या नावावर फाडायचं असतं ना!

पण लेझरला हात स्थिर लागतो. मोजताना ठिपका काचेवरून बॉनेटवर मीटरभर घसरला, तर ताशी दहा-अकरा किलोमीटर फुकटचे वाढू शकतात. चांगली यंत्रं असं मोजमाप बाद करतात, तरी स्टँड घ्याच. दाट धुक्यात आणि मुसळधार पावसात लेझरचा पल्ला आखडतो. रडारला त्याचं फारसं काही वाटत नाही. चालत्या गाडीतून मोजायचं असेल तरी रडारच.

तिरक्या कोनातून दोन्ही यंत्रं वेग कमीच दाखवतात. 20 अंशांवर ताशी 100 चे 94 होतात, म्हणजे फायदा चालकाचा.

नेट्ससाठी मात्र मी लेझरचा विचारही करणार नाही. ताशी 140 चा चेंडू अर्ध्या सेकंदात खेळपट्टी ओलांडतो, त्यावर ठिपका धरणार कोण? तिथे रडारचा रुंद झोतच कामाचा. यष्टींमागे, जाळीआड, चेंडूच्या रेषेत उभे राहा.

आवारातल्या रस्त्यावर एका वेळी एकच गाडी येत असेल तर स्वस्तातली रडार गन भागवते. रांगेने ट्रक येत असतील तर लेझरला पैसे मोजा. घेण्याआधी दोन गाड्या शेजारी-शेजारी पळवून डेमो मागा, आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्राची अचूकता तपासल्याच्या, प्रमाणपत्रावरची तारीख बघा.